कुमुदने बदलून घेतलेला वार

कुमुद,

परवा तुझी शोकसभा झाली. पहिल्या वक्त्याने सांगितलं की तू अत्यंत शांत स्वभावाची होतीस. दुसऱ्याने संयमी म्हटलं. तिसरे म्हणाले, ताईंचा चढलेला आवाज आम्ही कधी ऐकला नाही. मी मान वर करून फोटोकडे पाहिलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला तर आले नाही ना म्हणून. फोटो तुझाच होता. आणि तोही कुठला, तर जिल्ह्याच्या त्या बैठकीतला, ज्यात तू आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांशी भांडत होतीस. फ्रेमवाल्याने साहेबांना कापून काढलं आणि तुझं उघडं तोंड तेवढं ठेवलं. त्याला वाटलं, तू हसतेयस. फुलं वाहणारे लोक एकमेकांना म्हणत होते, किती प्रसन्न चेहरा. कापून काढलेले साहेब आता निवृत्त आहेत, आणि ते पहिल्याच रांगेत बसले होते. त्यांनी मात्र फोटो ओळखला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हा फोटो निघाला तेव्हा मी 'नाही' म्हणालो होतो."

मग माझं नाव पुकारलं. इतकी वर्षं तुझ्याबरोबर काम केलं, आता सुमनताई बोलतील, असं झालं. मी माइकपाशी गेले, उभी राहिले, आणि परत येऊन बसले. लोकांना वाटलं, दुःखाने बोलता आलं नाही. ते खरंच, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की तुझ्याविषयी मला फक्त तुझ्याशीच बोलता येतं. म्हणून हे लिहितेय.

आपलं केंद्र आठवतं मला सारखं. नगरच्या जुन्या पेठेत पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची आणि दुपारपर्यंत संगणकावर पिठाचा थर बसायचा. आपले अहवाल वाचून मुंबईचे लोक म्हणायचे, लिखाण फार कोरडं आहे. तू म्हणायचीस, "पीठ आहे ते. पाणी तुम्ही घाला."

दारावर पाटी होती, 'आरोग्य विषमता अभ्यास केंद्र'. पाटी लागून आठवडासुद्धा झाला नसेल, एक माणूस तापाने फणफणलेल्या आपल्या म्हाताऱ्या वडिलांना धरून जिना चढून आला. पाटीवर आरोग्य होतं, विषम होतं. त्याने तो विषमज्वराचा दवाखाना धरला. मी त्याला समजावू लागले की इथे औषध मिळत नाही, इथे अभ्यास होतो.

"मंग करा की अभ्यास," तो म्हणाला. "ताप परवापासनं हाय."

तू चपला घातल्यास, म्हाताऱ्याला रिक्षात बसवलंस आणि डॉक्टरकडे घेऊन गेलीस. संध्याकाळी परत आलीस तेव्हा मी म्हटलं, पाटी बदलून घेऊ या. तू म्हणालीस, "पाटी बरोबर आहे. माणूसही बरोबर जागी आला होता. आपणच अजून नीट उघडलेलो नाही."

तू राहुरीची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. मी नेवाशाची. आपल्या जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावून तू तासन् तास त्याच्याकडे बघत बसायचीस. दिल्लीतल्या एका मोठ्या संस्थेने तुला बोलावलं होतं, गाडी-बंगल्यासकट. तू गेलीससुद्धा, आणि आठवडा संपायच्या आत परत आलीस. कारण विचारलं तर म्हणालीस, "तिथून नगर फार छोटं दिसतं गं."

विषमता म्हणजे काय, हे तू सगळ्यांना एकाच पद्धतीने सांगायचीस. राहुरीजवळच्या एका गावात सरपंचांनी विचारलं होतं, तुमचा नेमका विषय काय. तू म्हणालीस, "जिल्हा एक, सरकार एक. पण तुमच्या गावच्या बाईला म्हातारपण येतं आणि राजूरच्या वरच्या वाडीतल्या बाईला येतच नाही. असं का, हा माझा विषय." सरपंचांनी मागे वळून घराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या म्हातारीला सांगा ह्ये. ती रोज म्हनती, देवा, लई झालं." तू तेही टिपून घेतलंस. मी विचारलं, हे कशात बसवणार? तू म्हणालीस, "माहीत नाही. पण ऐकलं ना आपण."

राजूरचं सांगायला हवं, कारण शोकसभेत त्याचा उल्लेख 'ताईंच्या पाठपुराव्याने झालेला एक प्रशासकीय बदल' असा झाला. एवढंच. कोंबड्यांचा विषयसुद्धा कुणी काढला नाही.

डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाया आठवड्यातून एकदा राजूरच्या बाजाराला उतरायच्या. हिरडा, तांदूळ, कोंबड्या विकायच्या, मीठमिरची घेऊन वर जायच्या. गरोदर बायांची तपासणी मात्र दुसऱ्याच वारी. म्हणजे पोटात बाळ घेऊन तोच डोंगर आठवड्यात पुन्हा उतरायचा आणि पुन्हा चढायचा. अर्थातच त्या यायच्या नाहीत. खात्याच्या अहवालात लिहिलेलं असायचं, 'जनजागृतीचा अभाव'. तुझं म्हणणं साधं होतं. तपासणी बाजाराच्या वारी ठेवा.

त्या फोटोतल्या बैठकीत साहेब म्हणाले, "मॅडम, अडचण अशी आहे की बाजाराच्या दिवशी आमचा स्टाफ बाजाराला जातो."

तू म्हणालीस, "म्हणजे तो दिवस यायला सोयीचा आहे, हे आपल्याला मान्य आहे."

मागे बसलेला एक कारकून हसला आणि त्याने ते खोकल्यात नेलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. तिथून पुढे तुझा आवाज चढला, आणि तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

त्यानंतर तू अहवाल लिहिलेस, पत्रं लिहिलीस, सादरीकरणं केलीस. मी आकडे काढून द्यायचे, तू त्यांना वाक्यं लावायचीस. काही हललं नाही. मग एका उन्हाळ्यात तुला सुचलं, की साहेबांना वाडीवर न्यायचं. साहेब तयार झाले, कारण तू त्यांना सांगितलंस, वरून दृश्य फार सुंदर दिसतं. ते खोटं नव्हतं. जीप जिथवर जाते तिथवर गेली आणि थांबली. पुढे आपल्याला न्यायला वाडीची येसूबाई आली होती. डोक्यावर पाटी, पायात काही नाही. साहेबांच्या पायात नवे बूट होते.

साहेब दर वळणावर विचारायचे, "अजून किती?"

येसूबाई म्हणायची, "ह्ये काय, आलंच."

बऱ्याच वळणांनंतर साहेबांनी विचारणं सोडलं. एका आंब्याखाली ते बसले, बूट काढले, आणि टाचेला आलेला फोड बघत राहिले. तू त्यांना पाणी दिलंस. मला वाटलं, आता हिचं भाषण सुरू होणार, आणि साहेब आता पळूनही जाऊ शकत नाहीत. पण तू काहीच बोलली नाहीस. येसूबाईच बोलली. तिने सहज विचारलं, "सायेब, आता परवा पुन्हा येनार का?"

साहेब म्हणाले, "परवा कशाला?"

"आमाला जावं लागतंय नव्हं. आज बाजाराला, परवा सुईला. म्हनून इचारलं."

साहेबांनी तुझ्याकडे पाहिलं. तुझा चेहरा कोरा होता. आजतागायत मला माहीत नाही, येसूबाईला तू पढवून ठेवलं होतंस का. मी अनेकदा विचारलं. तू दर वेळी चहा करायला उठून गेलीस, आणि तुझा चहा पिण्यापेक्षा विषय सोडलेला बरा असायचा.

आदेश निघाला. 'प्रायोगिक तत्त्वावर' बाजाराच्या वारी तपासणी. तो प्रयोग अजून चालूच आहे, कुमुद. कायम करायला कुणाला वेळ झालेला नाही, आणि बंद करायलाही.

पहिल्या बाजाराच्या दिवशी आपण सकाळीच आरोग्य केंद्रात जाऊन बसलो. बाया आल्या. ओसरी भरली, व्हरांडा भरला. तू आनंदाने मला कोपर मारलंस. मग मी उठून विचारत फिरले, आणि कळलं की बहुतेक जणी तपासणीला आलेल्याच नाहीत. केंद्राच्या व्हरांड्यात सावली होती, नळाला पाणी होतं. त्यांनी आपली पोती, पाट्या आणि कोंबड्यांची डालगी तिथे ठेवली आणि एकेकीला राखणीला बसवून बाकीच्या बाजारात गेल्या. सिस्टर वैतागून म्हणाल्या, "ताई, तुम्ही दवाखान्याचं गोदाम केलंत." एक कोंबडी वजनकाट्यावर जाऊन बसली होती.

मी म्हटलं, "कुमुद, ही सेवेची उपलब्धता नाही. ही सावलीची उपलब्धता आहे."

तू म्हणालीस, "का आल्या याच्याशी तुला काय करायचंय? आल्या ना?"

"कारण महत्त्वाचं असतं."

"कारण तुला महत्त्वाचं असतं. तिला सावली महत्त्वाची आहे."

आपण तिथेच पायरीवर बसून भांडत होतो. आणि आत सिस्टर रिकाम्या बसल्या होत्या. कंटाळून त्या राखणीला बसलेल्या एका पोरीला म्हणाल्या, "बसलीच आहेस तर हात दे इकडं." ती येसूबाईची सून मंजुळा. पोट चांगलंच दिसत होतं. सिस्टरनी बीपी मोजलं. पुन्हा मोजलं. मग तिचे पाय दाबून पाहिले आणि बाहेर येऊन तुला म्हणाल्या, "हिला संगमनेरला न्यायला हवं. आत्ता. आमची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेलीय."

मंजुळा उठायलाच तयार होईना. ती म्हणाली, "मला काय न्हाई झालेलं. डोकंच दुखतंय. कोंबड्या कोन इकनार?"

तू क्षणभरही विचार केला नाहीस. माझ्याकडे बोट दाखवलंस. "ही विकेल. ही डॉक्टर आहे."

मी संख्याशास्त्राची डॉक्टर आहे हे मंजुळाला कुणी सांगितलं नाही. तिने डालगं माझ्या हातात दिलं, काळी कोंबडी सासूची लाडकी आहे, तिला जपून द्या म्हणाली, आणि तुझ्या जीपमध्ये बसली. तू धुरळा उडवत निघून गेलीस आणि मी राजूरच्या बाजारात कोंबड्या घेऊन उभी राहिले.

एका गिऱ्हाइकाने विचारलं, "अंडी देती का?"

मी म्हटलं, "साधारणपणे देत असावी."

तो माझ्याकडे बघतच राहिला आणि पुढे गेला. शेजारी बसलेल्या हिरडेवालीला माझी दया आली. तिने बाकीच्या खपवून दिल्या. काळी मात्र दोरी तोडून पळाली, कापडाच्या दुकानात शिरली, पलंगपोसांवरून चालत मागच्या दाराने गेली. दुकानदाराने मला ऐकवलं ते मी कधी कुठल्या अहवालात लिहिलं नाही.

संगमनेरला मंजुळाला ठेवून घेतलं. तिथले डॉक्टर तुला म्हणाले, एवढ्या बीपीत डोंगर चढली असती तर वाटेतच झटके आले असते. ती वाचली. मुलगी झाली, तीही वाचली. पुढे कितीतरी दिवसांनी आपण बाळ बघायला वाडीवर गेलो. येसूबाईने गूळ दिला, नात तुझ्या मांडीवर ठेवली, तुझ्या पाया पडायला वाकली. तू तिला वर उठवलंस. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "समदं बेस झालं. पर बाई, काळी कुठं हाय?"

त्या प्रकरणावर आपण शोधनिबंध लिहिला. मी हट्टाने 'बाया सावलीसाठी आल्या' हे वाक्य घातलं. तू हट्टाने त्याला जोडलंस, 'म्हणून सावली ही आरोग्यसेवा मानावी'. परदेशातल्या संपादकांनी विचारलं, सावलीची व्याख्या द्या. तू दिलीस. ती त्यांनी छापली. आपलं भांडण मात्र मिटलं नाही. माणसं का येतात हे कळल्याशिवाय धोरण करू नये, असं मी म्हणायचे. तू म्हणायचीस, माणसं येऊ शकतील असं आधी करावं, मग निवांत विचारावं. आता तू नाहीस, तर मला तुझी बाजू फार पटायला लागली आहे. हे बरं नाही. समोर कुणी नसताना हरायला मजा येत नाही.

आणि एका गोष्टीचा मला राग आहे, तो अजून गेलेला नाही.

लोक दवाखान्यात उशिरा का येतात, हे तुझं आयुष्यभराचं काम. तीच तू पोटातलं दुखणं महिनोन् महिने जिरं आणि सोडा खाऊन काढलंस. शेवटी मी तुला जवळजवळ ओढत नेलं तेव्हा तो तरुण डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाला, "मॅडम, इतके दिवस काय करत होता?"

तू म्हणालीस, "वाटलं, ॲसिडिटी असेल."

मग म्हणालीस, "हातातलं काम आधी संपू दे म्हटलं."

मग जरा थांबून, "एवढ्याशासाठी कशाला दवाखाना."

तीच उत्तरं, कुमुद. पाथर्डीपासून राजूरपर्यंत प्रत्येक उंबऱ्यावर आपण ऐकलेली. मी तुझ्या खुर्चीमागे उभी होते. तू माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "सुमे, हसू नकोस." मी म्हटलं, हसत नाहीये. तू वळून पाहिलंस आणि तूच हसायला लागलीस, मग मीही. डॉक्टर बिचारा कधी तुझ्याकडे, कधी माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, या बायांना रिपोर्ट समजलेला नाही. बाहेर आल्यावर जिन्यात आपण रडलो, तेही बहुतेक त्याच हसण्याच्या भरात.

तुझ्या भाच्याने स्पेशल रूम बघून ठेवली होती. तू जनरल वॉर्ड मागितलास. "आयुष्यभर यावर लिहिलं, आता कुठे आतून बघायला मिळतंय," म्हणालीस. शेजारच्या खाटेवर पाथर्डीकडची कौसल्या होती, ऊसतोडीला जाणारी. पहिल्याच दिवशी तू तिला विचारायला सुरुवात केलीस. कुठून आलात, कधी दुखायला लागलं, फडावरून कसं आलात. ती उत्तरं देऊन देऊन थकली. म्हणाली, "ताई, तुमी झोपा बरं. पेशंट हायेत तुमी."

कौसल्याचा नवरा बाहेर व्हरांड्यात फरशीवर बसायचा. सगळ्याच नातेवाइकांचं तसं. स्पेशल रूमच्या बाजूला सोफे होते आणि त्यावर फारसं कुणी नसायचं. हे तुला दिसलं, आणि झालं. तू मॅनेजरांना बोलावणं धाडलंस.

मॅनेजर सभ्य गृहस्थ. ते खाटेपाशी येऊन म्हणाले, "मॅडम, बाकं ठेवली तर लोक बसतील."

"हो," तू म्हणालीस. "बाकाचा तोच उपयोग असतो."

"झोपतीलसुद्धा."

"झोपू द्या."

"मग स्ट्रेचर कसं जाणार?"

तू मला टेप आणायला लावलंस. मी, या वयात, त्या व्हरांड्यात ओणवी होऊन मापं घेतली. डॉक्टर मला ओलांडून जात होते. बाकं ठेवूनही स्ट्रेचर सुखाने जात होतं. तू रोज मॅनेजरांना निरोप पाठवायचीस, ते रोज वरती विचारतो म्हणायचे. तुझा आवाज बारीक होत गेला, मग निरोप मी नेऊ लागले.

त्या दुपारी तू फक्त बोटाने दाराकडे खूण केलीस. मी बाहेर गेले. मॅनेजर व्हरांड्यातच भेटले. ते म्हणाले, या वर्षी नाही जमणार. आणि मला काय झालं कोण जाणे. तुला माहीत आहे, मी बैठकीत आकडे सांगते आणि खाली बसते. त्या दिवशी मी बसले नाही. फरशीवरची माणसं एकेक करून दाखवली मी त्यांना, कोण कुठून आलंय, कधीपासून बसलंय, कुणाचा गुडघा सुजलाय. माझा आवाज इतका चढला की पलीकडच्या सोफ्यावरचे एकमेव गृहस्थ उठून उभे राहिले. मॅनेजर म्हणाले, "बघतो, बाई, बघतो. आज बघतो."

मी आत आले तुला सांगायला. कौसल्या तुझ्या खाटेवर बसली होती, तुझा हात हातात धरून. माझ्याकडे बघून तिने मान हलवली.

"आत्ताच," ती म्हणाली. "तुमचं भांडान ऐकत हुत्या. म्हनल्या, सुमी बरं बोलतीय."

इतक्या वर्षांत तू मला एकदाही बरं म्हणाली नव्हतीस. म्हणालीस ती दुसऱ्याच बाईला, आणि मी दाराबाहेर असताना. यावर तुझ्याशी भांडायचं राहिलं.

काल मी दवाखान्यात गेले होते. तुझी शाल आणि चष्मा तिथेच राहिला होता. कौसल्याला घरी सोडलंय, बरी आहे. आणि व्हरांड्यात बाकं आली आहेत, कुमुद. लाकडी, पाठ असलेली, भिंतीला लावून. मला तुझ्या नावाने जरा वेळ बसायचं होतं, पण एकही जागा मोकळी नव्हती. सगळीकडे माणसं. काही बसलेली, पण बरीचशी आडवी, डोक्याखाली पिशवी घेऊन गाढ झोपलेली.

मी शाल घेऊन उभीच होते. मागून मॅनेजर आले, माझ्या शेजारी थांबले आणि बाकांकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "सांगितलं होतं ना मी. झोपतील म्हणून."

मी म्हटलं, "हो."

मग आम्ही दोघं पावलांचा आवाज न करता पुढे गेलो.